डिग्री गोव्यात, प्लॅनिंग मुंबईत

सप्लाय चेन ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे कुठला माल किती, कधी, कुठे लागेल हे आकड्यांवरून ठरवण्याच्या शास्त्रात, मास्टर्स करू का, हा प्रश्न गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कंपन्यांत स्टोअरला नाहीतर डिस्पॅचला बसणाऱ्या पोरांकडून हल्ली इतका येतो की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. विचारणारा साधारण पंचवीस-अठ्ठावीसचा, बीकॉम किंवा बीएस्सी किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, चार वर्षं जीआरएन (आलेल्या मालाची नोंद), ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) आणि ट्रान्सपोर्टरशी भांडण यात गेलेली, पगार होता तिथेच, आणि बरोबरचा कोणीतरी पुण्याला जाऊन डिमांड प्लॅनर, म्हणजे मागणीचा अंदाज काढणारा, झालेला. घरचे म्हणतात शीक, बँक म्हणते कर्ज घे, कोर्सवाल्यांचे तर रोज फोन. माझं म्हणणं असं की डिग्री जरूर करा, पण जे गणित शिकणार आहात ते वापरून निर्णय घ्यायचा अधिकार तुम्हाला कुठे मिळणार आहे हे आधी बघा. निर्णय हातात नसेल तर नुसत्या गणिताला कोणी बढती देत नाही. आणि गोव्याची गोची नेमकी इथेच आहे, माल आपल्याकडे बनतो पण तो किती, कधी आणि कुणासाठी हे ठरतं भलतीकडे.

औषध कंपन्यांचंच घ्या. वेर्णा, कुंडई, थिवी, पिळर्ण, जाल तिथे टॅब्लेट-कॅप्सूलचे प्लँट आहेत, हजारो लोकांचं घर त्यावर चालतं. पण प्लँटमधल्या प्लॅनिंग डिपार्टमेंटला जाऊन बसा आणि बघा तिथे प्लॅनिंग किती होतं ते. महिना संपत आला की कॉर्पोरेटकडून, म्हणजे हेड ऑफिसकडून, एक एक्सेल येते, पुढच्या महिन्यात कुठल्या प्रॉडक्टच्या किती बॅच. ती आपण सिस्टममध्ये चढवायची, मटेरियल आहे का बघायचं, नसेल तर परचेसच्या मागे लागायचं, आणि दहा तारखेला रिवाइज्ड नावाची दुसरी एक्सेल येते, मग रिवाइज्ड फायनल, मग रिवाइज्ड फायनल टू. फोरकास्ट, म्हणजे मागणीचा अंदाज, कोणी काढला, कशावरून काढला, मागच्या महिन्यात किती चुकला होता, यातलं काही खाली झिरपत नाही. विचारलं तर उत्तर येतं, 'दॅट इज डिसायडेड सेंट्रली.' अशा जागी मास्टर्स करून आलेल्या माणसाला काम काय देणार? पॉवर बीआय नावाच्या सॉफ्टवेअरवर डॅशबोर्ड. सोमवारच्या मीटिंगला मोठ्या स्क्रीनवर हिरवे-लाल गोल दिसतात, सगळे मान डोलावतात आणि मग गाडी लागली का म्हणून ट्रान्सपोर्टरला फोन लावतात.

म्हणून शिकू नका असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. उलट शिकलेल्या माणसाची इथे किती गरज आहे हे एका साध्या गोष्टीवरून दाखवतो.

चतुर्थी. गोव्यात चतुर्थीच्या आठवड्यात काय होतं हे कुणाला सांगायला नको, फॅक्टरीत हजेरी अर्ध्यावर येते, ड्रायव्हर गावाला, हमाल गावाला, आणि त्याच्या आधीचे दहा-बारा दिवस म्हापसा-फोंड्याच्या होलसेलवाल्यांकडे नुसती झुंबड. आता ही चतुर्थी २०२३ मध्ये आली १९ सप्टेंबरला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे २०२३ ची सगळी खरेदी साधारण सप्टेंबरात पडली आणि २०२५ ची सगळी ऑगस्टात. आता बऱ्याच सिस्टममध्ये फोरकास्टिंगची जी पद्धत असते, होल्ट-विंटर्स म्हणतात तिला, १९५७ ते १९६० च्या काळातली आहे, ती महिन्यावर चालते, ती शिकते की सप्टेंबरात उठाव असतो आणि पुढच्या वर्षी शहाण्यासारखी सप्टेंबरसाठी माल मागवते. माल येतो, गणपती गेलेले असतात. वरातीमागून घोडं. यावर उपाय काय तर डेटामध्ये एक कॉलम वाढवायचा, 'चतुर्थीला किती दिवस राहिले', आणि तो मॉडेलला खायला घालायचा. बस. हे कुठलाही मास्टर्सचा विद्यार्थी दुसऱ्या सेमिस्टरला शिकतो, आणि चतुर्थी पुढे-मागे होते हे म्हापशाच्या कुठल्याही किराणावाल्याला कालनिर्णय न बघता माहीत असतं. पण दोन्ही एकाच डोक्यात असलेला माणूस कुठे आहे? मुंबईत कुठल्या तरी काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून पश्चिम विभागाचा फोरकास्ट काढणाऱ्याच्या डोक्यात चतुर्थी म्हणजे मुंबईची, ती तिथे मंडपात असते. इथे ती घराघरात असते आणि घरातला माणूस कामावर येत नाही.

दुसरं उदाहरण जरा आकड्यांचं आहे, पण वाचा, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. समजा प्लँटला रोज सरासरी २०० बॉक्स पॅकिंग मटेरियल लागतं, त्यात रोजची चढउतार ४० बॉक्सची. सप्लायरकडून माल यायला सरासरी १० दिवस, पण कधी ७ कधी १३, म्हणजे साधारण ३ दिवसांची चढउतार. पंच्याण्णव टक्के वेळा माल संपू नये असं हवं असेल तर किती जास्तीचा साठा ठेवायचा? पुस्तकातलं सूत्र लावलं तर येतात जवळपास १,०१२ बॉक्स. आता कंपनीने लाखो रुपये घालून झकास फोरकास्टिंग सॉफ्टवेअर घेतलं, इतकं झकास की रोज किती लागणार ते अगदी अचूक कळतं, मागणीतली चढउतार शून्य. मग साठा कितीवर येतो? ९९० वर. बावीस बॉक्स वाचले, अभिनंदन! आणि सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर काही न घेता नुसतं त्या सप्लायरच्या मागे लागून गाडीची ती ३ दिवसांची चढउतार १ दिवसावर आणली तर? साठा येतो ३९० वर. निम्म्याहून जास्त पैसा मोकळा.

आता सांगा, हे कुणाला कळायला हवं. पावसात चोर्ला घाटात ट्रक आडवा झाला की बेळगावची गाडी अनमोडवरून फिरून येते, एनएच-६६ चं काम कधी संपणार ते देवाला ठाऊक, वाहतूकवाला पार्टलोड, म्हणजे दुसऱ्या कुणाचा थोडा माल, भरायला वाटेत थांबतो आणि सांगतो टायर फुटला, हे ज्याने सोसलंय त्याला त्या ३ दिवसांत काय काय दडलंय ते माहीत असतं. पण त्याला सूत्र माहीत नसतं, म्हणून तो मीटिंगमध्ये 'सर गाड्या लेट येतात' एवढंच बोलतो आणि सगळे म्हणतात हो हो बघूया. सूत्र माहीत असलेल्याला घाट माहीत नसतो, म्हणून तो सॉफ्टवेअर विकत घेतो. जगातही हेच चाललंय, २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले, जहाजं आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जायला लागली, युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस वाढले, आणि नुसते दिवस वाढले असते तर परवडलं असतं, ते किती वाढतील याचा नेमच राहिला नाही. आमच्या भागातला एक्सपोर्टचा बराच माल मुरगाव बंदर दारात असताना साडेपाचशे किलोमीटर रस्त्याने न्हावा शेवाला जातो, कारण कंटेनर जहाजांच्या फेऱ्या तिथे, त्यामुळे ही अनिश्चितता आपल्याला दोनदा चावते, एकदा रस्त्यावर आणि एकदा समुद्रात.

तर मास्टर्स लेव्हलला शिकायचं ते यासाठी. टूल शिकायला नाही. टूल शिकायला यूट्यूब पुरतं, पायथन, एसक्यूएल, पॉवर बीआय, सगळं घरी बसून होतं आणि पाच वर्षांत त्यातलं निम्मं बदलतं. न बदलणारं जे आहे ते खूप जुनं आहे. एका वेळी किती मागवावं याचं सूत्र फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलं, मर्यादित ट्रक आणि मर्यादित मशीनमध्ये जास्तीत जास्त काम कसं बसवायचं ती सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डँझिगची, १९४७ ची. दुकानात बाळाच्या डायपरची विक्री वर्षभर जवळपास सारखीच असते, बाळं काही सणासुदीला जास्त लंगोट ओले करत नाहीत, तरी प्रॉक्टर अँड गॅम्बलला दिसलं की होलसेलवाल्यांच्या ऑर्डरी उड्या मारतायत आणि कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहून मोठ्या उड्या मारतायत. साखळीत मागे जाल तशी चढउतार फुगत जाते, याला बुलव्हिप म्हणतात. आपल्याकडची ती रिवाइज्ड फायनल टू आठवा, ती दुसरं काय आहे? प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी घाबरून थोडं थोडं जास्त मागतो आणि शेवटी वेर्ण्यातल्या पॅकिंग लाइनवर रविवारी ओव्हरटाइम लागतो. हे ज्याला नीट मांडता येतं, आकडे घालून, तो कॉर्पोरेटच्या माणसाला प्रश्न विचारू शकतो. नुसतं जाणवणाऱ्याला तो विचारता येत नाही.

आणि आकड्याला उलटा प्रश्न विचारायची सवय, ती चांगल्या कोर्समध्येच लागते. भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, हे वाक्य वर्षानुवर्षं प्रत्येक सेमिनारला ऐकलंय, २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही तोच आकडा फिरत होता. मग सरकारनेच एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेकडून हिशोब करून घेतला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आकडा आला २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के. इतकी वर्षं लोक ज्याच्यावर स्लाइड बनवत होते ते निम्म्याच्या जवळ निघालं! आता यातलं कशात काय धरलं, काय सोडलं हे ज्याला वाचता येतं तो माणूस कंपनीतला वाहतूक खर्चाचा रिपोर्टही वेगळ्या नजरेने वाचतो. नाहीतर आपण सगळे फॉरवर्ड करणारे आहोतच.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलू, कारण इथे लोक लाजतात. फुलटाइम दोन वर्षांच्या नावाजलेल्या मॅनेजमेंट कोर्सची फी आता वीस लाखांच्या घरात सहज जाते. समजा तुम्ही जरा हात आखडून १५ लाखांचं कर्ज घेतलं, १० टक्के व्याज, १० वर्षं, तर हप्ता बसतो महिना १९,८०० च्या आसपास. त्यात दोन वर्षं बुडालेला पगार, २५ हजार धरला तरी सहा लाख. आता हा हप्ता फेडायला जो पगार लागतो तो गोव्यातल्या प्लँटमध्ये कोण देणार? म्हणून मुलगा पुण्याला जातो, बंगळूरला जातो, तिथल्या भाड्यात अर्धा पगार घालवतो आणि आई इथे फोंड्याला शेजाऱ्यांना सांगते मोठ्या कंपनीत आहे. जावं, जायला काहीच हरकत नाही, पण मग ती डिग्री म्हणजे गोव्याबाहेर जायचं तिकीट आहे हे माहीत असून काढावं. परत येऊन इथेच मॅनेजर होणार म्हणून कोणी ते तिकीट काढत असेल तर त्याला आधीच कोणीतरी सांगायला हवं.

ज्याला इथेच राहायचंय त्याने फुलटाइमच्या फंदात पडू नये असं मला वाटतं. नोकरी चालू ठेवून तुकड्या-तुकड्याने करा. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑपरेशन्स रिसर्च (निर्णयांचं गणित) आणि सप्लाय चेनचे कोर्स फुकट आहेत, परीक्षेला हजारभर रुपये, एक करून बघा, बारा आठवडे टिकलात तर पुढचं बोलू. एमआयटीने २०१५ मध्ये सप्लाय चेनचा मायक्रोमास्टर्स जाहीर केला, पाच कोर्स आणि शेवटी एक मोठी परीक्षा, तो पुढे काही विद्यापीठांत मास्टर्सच्या क्रेडिटला धरतात. मग तोवर आपल्याला काय सतावतंय हे कळलेलं असतं, तेव्हा पार्टटाइम किंवा एक्झिक्युटिव मास्टर्स. नीटी, म्हणजे आताचं आयआयएम मुंबई, १९६३ पासून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, म्हणजे याच जातीचे विषय, शिकवतंय. गोव्यातल्या साखळी शहराजवळ जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) आहे, तिथे बिग डेटा ॲनालिटिक्सचा दोन वर्षांचा कोर्स आहे, कँपसवर देशभरातून मुलं येतात आणि प्लेसमेंटला देशभर जातात, कोर्स चांगला असेल पण वेर्ण्यातल्या स्टोअरकीपरसाठी तो बनवलेला नाही. आणि एक कडू गोष्ट, नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटने एचआरचं फिल्टर पार होत नाही. कागद लागतो. ज्ञान आहे पण कागद नाही म्हणून इंटरव्ह्यूलाच बोलावलं नाही असे लोक मला माहीत आहेत आणि ते हुशार आहेत, म्हणून डिग्रीची थट्टा करणाऱ्यांत मी नाही.

कागद नसला की काय होतं ते गोव्याने एकदा मोठ्या प्रमाणावर बघितलंय. खाणी. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणींवरून ट्रकने खनिज नदीच्या धक्क्यावर, जेटीवर, जेटीवरून बार्जने (सपाट मालवाहू बोटीने) मांडवी-झुवारीतून मुरगावला, तिथे बंदरात नाहीतर बाहेर नांगरलेल्या जहाजात. पावसाळ्यात मांडवीचं आग्वादजवळचं मुख बंद झालं की मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत काढायच्या. भरती कधी, कुठली बार्ज किती पाण्यात बसेल, जहाज कधी लागणार, थांबून राहिलं तर डेमरेज, म्हणजे थांबण्याचा दंड, किती, ट्रकची रांग कुठे थोपवायची, हे सगळं काही माणसांच्या डोक्यात होतं. सप्लाय चेनच होती ती, आणि दर्जेदार होती, वर्षाला करोडो टन माल हलायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. खाणींच्या पर्यावरणाबद्दल, लुटीबद्दल जे बोलायचं ते लोक बोललेत आणि बरोबर बोललेत. मी बोलतोय त्या जेटीवरच्या डिस्पॅचवाल्याबद्दल. त्याच्याकडे जे होतं ते दुसऱ्या कुठल्या कंपनीला दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याच्या वहीतलं भरती-ओहोटीचं गणित कुठल्या कॉलेजने लिहून घेतलं नाही, त्याला कोणी विचारलं नाही. कोण टॅक्सी चालवायला लागला, कोणी गाडा टाकला. आज वेर्ण्यात जो पोरगा ट्रान्सपोर्टरच्या सगळ्या खोड्या ओळखून आहे त्याचंही उद्या हेच होऊ शकतं, कंपनीने प्लँट हिमाचलला नाहीतर गुजरातला हलवला की संपलं.

आणि बाहेर जाण्याबद्दल म्हणाल तर आपण ह्या साखळीला माणसं पुरवतोच आहोत. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेले किती गोंयकार तिथल्या वेअरहाउसमध्ये पिकिंग-पॅकिंग करतायत, त्यात ग्रॅज्युएट आहेत, पोस्ट ग्रॅज्युएट आहेत. ब्रेक्झिटनंतर तो रस्ता नव्या लोकांना जवळपास बंदच झाला. म्हणजे जगाच्या सप्लाय चेनमध्ये गोव्याचा माणूस आहेच, फक्त तो खालच्या टोकाला आहे, स्कॅनर हातात घेऊन.

एआय येणार, मग हे शिकून काय उपयोग, असं विचारणारे आता जास्त भेटतात. मला तर उलट वाटतं. मॉडेल चालवणं स्वस्त होणार, पण चतुर्थीचा कॉलम घालायचा हे त्याला सांगणार कोण? आणि डेटा आता खाली प्लँटमध्येच तयार होतोय, १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे मोठ्या औषध ब्रँडच्या पॅकवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, म्हणजे बॅचची माहिती पॅकवरच आली. त्या माहितीचं काय करायचं हा प्रश्न कुणीतरी इथे बसून विचारायला हवा. जाऊ दे, एआयवर लिहायला लागलं की लेख संपतच नाही.

आता खरा मुद्दा, जो फक्त पोरांचा नाही, सगळ्यांचा आहे. कॉर्पोरेटला विचारा, गोव्यात प्लॅनिंगची टीम का नाही, तर म्हणतात तिथे टॅलेंट नाही. पोरांना विचारा का शिकत नाही, तर म्हणतात शिकून इथे काम कुठे आहे. दोघंही खरंच बोलतात, पण दोघांची बाजू सारखी नाही. पोराला आधी शिक म्हणणं म्हणजे त्याच्या बापाच्या जमिनीवर कर्ज काढून जुगार खेळ म्हणणं आहे. कंपनीला आधी चार खुर्च्या इथे हलव म्हणणं म्हणजे चार लॅपटॉप. पहिलं पाऊल कुणी टाकावं?

आणि हे होऊ शकत नाही असं आता कोणी म्हणू नये. २०२० नंतर हेच प्लॅनर ठाण्याच्या नाहीतर डोंबिवलीच्या फ्लॅटमधून काम करत होते आणि कंपनी बुडाली नाही. आज आसगावला, शिवोलीला भाड्याच्या घरात राहून दिल्लीचा माणूस बंगळूरच्या कंपनीचं काम करतो, मध्ये उठून पोहून येतो, आणि वेर्ण्यातल्या प्लँटवर काम करणाऱ्या पोराला सांगतात की त्या टेबलावर बसायचं तर मुंबईला यावं लागेल. गोव्यातून काम होतं, फक्त गोव्यातल्या माणसाने ते करायचं नाही, असं काहीसं झालंय हे.

सरकारही यात हात झटकू शकत नाही. उद्योगाला जमीन देताना, सवलत देताना स्थानिकांना किती नोकऱ्या असा प्रश्न विचारतात, तो विचारायलाच हवा, पण कुठल्या नोकऱ्या हे कोण विचारतं? पॅकिंग लाइनवर कंत्राटी दोनशे दाखवले की काम झालं. त्यापेक्षा विचारा की तुमच्या प्लँटचा प्रॉडक्शन प्लॅन कोण ठरवतो आणि तो माणूस कुठे बसतो, पाच वर्षांत त्यातला किती भाग इथे आणणार. त्याचं उत्तर लेखी घ्या. आणि सरकारला स्वतःलाही असे लोक लागतातच की, मार्च २०२० मध्ये लॉकडाउनला किराणा दुकानंसुद्धा बंद ठेवली, भाजी बेळगावची, दूध बाहेरचं, सीमा बंद, काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. एवढ्याशा राज्यात रोज बाहेरून काय किती येतं आणि किती दिवसांचं शिल्लक असतं, हे कुठेतरी एका टेबलावर असायला हवं होतं की नको? त्या टेबलासाठी मास्टर्स केलेली चार गोव्याची पोरं ठेवली तर तिजोरीला काय फार भोक पडणार नाही.

विद्यापीठाने, कॉलेजांनी मनावर घेतलं तर संध्याकाळचा दोन-तीन वर्षांचा कोर्स काढता येईल, पण तो पणजीजवळच्या ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, नको, मडगावला नाहीतर वेर्ण्यालाच कुठेतरी शेड घेऊन काढा. आमच्याकडे सांगेहून येणारी एक मुलगी आहे, स्टोअरला, आकड्यांत इतकी तरबेज की ऑडिटरसुद्धा तिला विचारून पुढे जातात. ती साडेपाचला सुटते आणि मडगावहून सांग्याची बस चुकली की घरचे फोन करायला लागतात. तिला पणजीच्या सहाच्या लेक्चरबद्दल सांगून काही फायदा नाही, आणि ऑनलाइन म्हणाल तर तिच्या वाड्यावर पावसात रेंज जाते. प्रोजेक्ट मात्र कंपनीच्याच डेटावर हवा, अमेरिकेतल्या कुठल्या सुपरमार्केटच्या नाही. कंपन्या डेटा द्यायला घाबरतात, म्हणतात गोपनीय, मग प्रॉडक्टची नावं काढून द्या, आकड्यांना कुठल्या तरी संख्येने गुणून द्या, चढउतारीचं प्रमाण तेच राहतं, शिकणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

काही कंपन्या फी भरायला तयार होतात, अर्धी किंवा पूर्ण, आणि बदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेतात. पोरं बाँडला घाबरतात, मला तो तितका वाईट वाटत नाही, कंपनीने पैसे घातले की निदान तिला तुमच्याकडून काहीतरी करून घ्यावंसं वाटतं. पण सही करायच्या आधी त्या पत्रात बघा की कोर्स झाल्यावर तुमच्याकडे कुठलं काम येणार हे लिहिलंय का. सेफ्टी स्टॉक, म्हणजे तो जास्तीचा साठा, तुम्ही ठरवणार का, सप्लायर बदलायचा तर तुमचा शब्द चालणार का, ट्रान्सपोर्टचं टेंडर काढताना तुम्ही त्या खोलीत असणार का. बहुतेक पत्रांत एवढंच असतं की 'सुटेबल रोल' दिला जाईल. तो सुटेबल रोल वेर्ण्यात की अंधेरीत, हे एचआरला मेलवर विचारा आणि उत्तर मेलवरच मागा, फोनवर नको.